फिकट पेन, गडद शाई

प्रस्तावना

पांढरे, हस्तिदंती, लिंबोणी किंवा काचेसारखे पारदर्शक शाईपेन विकत घेणारा माणूस दुकानातच विचारतो, ‘याला डाग तर पडणार नाहीत ना?’ दुकानदार बहुधा ‘सांभाळून वापरा’ एवढेच सांगतो. सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. मग पुढे दोहोंपैकी एक घडते. हौसेने घेतलेले पेन डबीत पडून राहते आणि लिहिण्यासाठी जुने काळे पेनच खिशाला लागते. नाही तर पेन मनसोक्त वापरले जाते आणि काही महिन्यांनी टोपणाच्या आत जांभळट कडे उमटलेले दिसते. ते पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, आणि मालकाचा जीव हळहळतो. फिकट पेन डबीत ठेवू नये आणि ते डागाळूही नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. त्या कशा साधायच्या, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

पुस्तिकेचे मुख्य म्हणणे इथेच मांडतो. डाग अचानक पडल्यासारखा वाटला तरी तो सहसा सावकाश पडत असतो. शाईत रंगद्रव्य कोणते आहे, पेन कोणत्या पदार्थाचे आहे आणि ही दोन्ही एकमेकांच्या सहवासात किती काळ राहिली, या तीन गोष्टींवर तो ठरतो. पहिल्या दोन गोष्टींचा निर्णय खरेदीच्या वेळी होतो. तिसरी गोष्ट, म्हणजे काळ, रोज आपल्या हातात असते. डाग पडल्यावर तीव्र रसायने शोधत फिरण्यापेक्षा तो पडण्याआधी साधे पाणी वापरणे कितीतरी पटींनी परिणामकारक ठरते. पुढची सारी प्रकरणे या एका गोष्टीचा विस्तार आहेत.

हा प्रश्न जुन्या पेनांना फारसा पडत नसे. शाईपेनाचा पहिला जमाना काळ्या एबोनाइटचा होता. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवले की कठीण, चकचकीत, यंत्रावर सहज कातता येणारा पदार्थ तयार होतो. तो मुळातच काळा असल्याने त्यावर शाई सांडली काय किंवा मुरली काय, दिसत नसे. १९२४ साली शेफर कंपनीने हिरव्या जेड रंगाचे सेल्युलॉइडचे पेन बाजारात आणले, १९२६ साली पार्करनेही आपली ड्युओफोल्ड पेने सेल्युलॉइडमध्ये घडवायला सुरुवात केली, आणि पेनाला रंग आला. रंगाबरोबर डागही आले. आज जुन्या बाजारात त्या काळची जेड रंगाची पेने पाहिली तर पुष्कळांची दांडी शेवाळी किंवा तपकिरी पडलेली असते, टोपण मात्र बरेचसे मूळ हिरवे राहिलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, शाई मुरली. खरे कारण वेगळे असते. दांडीच्या आत शाई साठवण्यासाठी रबरी पिशवी बसवलेली असे. त्या रबरातून वर्षानुवर्षे गंधकाची संयुगे वायुरूपाने बाहेर पडत राहिली आणि त्यांनी सेल्युलॉइड आतून काळवंडवले. फिकट पेनाच्या निगेतला पहिला धडा यात आहे : प्रत्येक डाग शाईचा नसतो, म्हणून डाग पुसायला घेण्याआधी तो कशाचा आहे हे ओळखावे लागते.

दुसरा धडा पार्कर ५१ या पेनाने दिला. हे पेन १९४१ साली विक्रीला आले. कागदावर पडताच वाळणारी शाई हवी म्हणून कंपनीने अतिशय क्षारधर्मी शाई बनवली होती. ती सेल्युलॉइडला मानवणारी नव्हती. म्हणून या पेनाची दांडी ल्युसाइट या ॲक्रिलिक प्लॅस्टिकची केली आणि ती शाई इतर पेनांत भरू नये, असा इशारा बाटलीवर छापला. शाई आणि पेनाचे अंग यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे एका मोठ्या कारखान्याने त्या काळी जाहीरपणे मान्य केले होते. आज आपण एका देशाचे पेन घेतो, दुसऱ्या देशाची शाई घेतो आणि दोघांची गाठ आपल्या टेबलावर घालून देतो. जो विचार कारखान्याने केला होता, तो आता वापरणाऱ्यालाच करावा लागतो.

आपल्या देशात या विचाराला आणखी एक कारण आहे. स्वदेशीच्या काळात इथे पेने बनू लागली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास संपूर्ण देशी पेन घडवले आणि १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी पत्र लिहून त्याची पोच दिली. त्या आधी १९३१ साली मुंबईत दांडेकरांचा शाईचा उद्योग सुरू झाला होता. ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या यांपासून सुरू झालेला तो उद्योग पुढे कॅम्लिन या नावाने मराठी घराघरांत पोचला. १९३४ साली बंगालमध्ये ‘सुलेखा’ शाई आली. या सगळ्या काळात इथे जे पेन रूढ झाले, ते बहुतांशी ड्रॉपरने भरायचे होते. पुढचा भाग आटे फिरवून काढायचा, ड्रॉपरने शाई थेट दांडीत सोडायची आणि पुन्हा घट्ट बसवायचे. मुंबईच्या एअरमेल कंपनीची वॅलिटी पेने कितीतरी लोकांनी अशीच वापरली, आणि आजही एबोनाइटची देशी पेने अशीच भरली जातात. या रचनेचे फायदे मोठे आहेत : बिघडायला काही नाही, आणि कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे दांडीत बसवायच्या शाई ओढून घेणाऱ्या सुट्या नळीत, अर्धा ते एक मिलीलीटर शाई मावत असेल तर इथे अडीच-तीन मिलीलीटर सहज मावते. पण शाई दांडीच्या अंगाला थेट लागून राहते, आणि तीही आठवडेच्या आठवडे. एबोनाइटला त्याचे काही वाटत नाही. तीच रचना पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये किंवा पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आली की डागाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. ड्रॉपरने पेन भरण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाने म्हणूनच या पुस्तिकेचे दुसरे प्रकरण विशेष लक्ष देऊन वाचावे.

आता डाग म्हणजे काय ते पाहू. व्यवहारात आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव देतो. पहिली गोष्ट म्हणजे वाळलेली शाई. पाणी उडून जाते, रंगाचा पापुद्रा पृष्ठभागावर, आट्यांच्या खाचांत किंवा टोपणाच्या तळाशी चिकटून राहतो. हा डाग दिसायला भयंकर असतो, पण पाण्यात काही तास ठेवला की बहुतेक विरघळतो. दुसरी गोष्ट म्हणजे मुरलेला रंग. प्लॅस्टिक डोळ्यांना एकसंध दिसले तरी त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये फटी असतात. रंगाचे लहान रेणू त्या फटींत शिरतात आणि आत सरकत जातात. रंगारी कापड रंगवताना जे मुद्दाम करतो, तेच इथे आपल्या मनाविरुद्ध होत असते : रंग, उष्णता आणि वेळ. उष्णता वाढली की रेणू वेगाने सरकतात. म्हणून वैशाखात बंद मोटारीत राहिलेले पेन दोन दिवसांत जेवढे रंगेल, तेवढे थंड खोलीत कितीतरी दिवसांनीही रंगणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द पेनाच्या पदार्थात झालेला बदल. उन्हाने पिवळे पडलेले पांढरे प्लॅस्टिक, पाण्यात भिजून तपकिरी-हिरवट झालेले एबोनाइट, रबरी पिशवीने काळवंडलेले सेल्युलॉइड ही त्याची उदाहरणे. इथे काढून टाकण्यासारखे काही नसतेच, कारण बाहेरून रंग आलेला नसतो.

या तिन्हींतला फरक ओळखण्याची सोपी रीत आहे. डागावर ओला टिपकागद काही मिनिटे दाबून ठेवावा. कागदावर रंग उतरला तर डाग पृष्ठभागावरचा आहे. रंग उतरला नाही, पण डागाची छटा आपण वापरलेल्या शाईशी जुळते, तर रंग मुरलेला आहे. छटा शाईशी जुळतच नसेल आणि डाग सगळीकडे सारखा पसरलेला असेल, तर पदार्थच बदललेला आहे. निदान आधी झाले की उपचारात पेनाची नासधूस होत नाही.

शाईच्या बाटलीवर तिचे घटक लिहिलेले नसतात, पण काही गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत. शाळेत वापरली जाणारी धुण्याजोगी रॉयल ब्लू शाई फिकट पेनाची सर्वांत चांगली सोबतीण आहे. तिच्यातल्या निळ्या रंगाच्या रेणूंना सल्फोनिक आम्लाचे गट जोडलेले असतात. त्यांच्यामुळे रेणूवर ऋण भार येतो, त्याला पाण्याची ओढ राहते आणि तो प्लॅस्टिकला सोडून पाण्याबरोबर निघून जातो. याच रासायनिक कुळातला मिथाइल व्हायोलेट हा जांभळा रंग पाहा. त्याला असे गट नसतात, त्याच्यावर धन भार असतो, आणि तो बोटांना, कापडाला, लाकडाला, प्लॅस्टिकला, ज्याला लागेल त्याला धरून बसतो. एकाच कुळातले दोन रंग इतके निराळे वागतात, म्हणून शाईच्या छटेवरून तिचा स्वभाव ठरवणे धोक्याचे आहे. तरीही ढोबळ अनुभव असा, की भडक गुलाबी, जांभळ्या आणि झगझगीत लाल शाया फिकट प्लॅस्टिकला लवकर धरतात. गुलाबी छटांसाठी वापरल्या जाणाऱ्या ऱ्होडामिन वर्गाच्या रंगांचा यात मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या नूडलर्स कंपनीची बेस्टेट ब्लू ही शाई तर डागांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिचा निळा रंग अतिशय तेजस्वी आहे, पण पांढऱ्या किंवा पारदर्शक पेनात ती भरायची तर पेन कायमचे निळसर होईल हे मान्य करूनच भरावी. दुसऱ्या शाईशी तिचे पटत नाही, मिसळली तर गाळ होतो.

पाण्यात रंग विरघळवलेल्या या शायांखेरीज आणखी दोन प्रकार आहेत, आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. लोह आणि मायफळातले टॅनिन यांच्यापासून बनणारी आम्लधर्मी शाई कागदावर काळी पडून पक्की होते. पेनात ती वाळू दिली तर तिचा लोहयुक्त साका निबेच्या मागे आणि टोपणात बसतो. रंगद्रव्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेली शाई, म्हणजे पिगमेंटची शाई, प्लॅस्टिकच्या आत शिरत नाही, कारण तिचे कण रेणूंच्या मानाने फार मोठे असतात. पण एकदा वाळली की ते कण एकमेकांना असे घट्ट धरतात, की पाण्याने सुटत नाहीत. म्हणून या दोन्ही शाया वापरायच्या तर पेन कोरडे पडू द्यायचे नाही, हा नियम अपवाद न करता पाळावा. चित्रकलेसाठी विकली जाणारी जलरोधक काळी शाई या यादीत मुळीच बसत नाही. तिच्यात लाख असू शकते, आणि ती कोणत्याही शाईपेनात भरू नये.

डाग कुठे पडतात, हे जाणून घेतले तर निगेचा निम्मा भाग आपोआप उलगडतो. सर्वांत जास्त डाग टोपणाच्या आत पडतात. पेन हलते, आपटते, तापते, आणि निबेवरची शाई टोपणाच्या भिंतीला लागते. तिथे वारा नसतो, ओलावा टिकतो आणि रंगाला मुरायला निवांत वेळ मिळतो. लिहिताना टोपण मागे खोचायची सवय असेल, तर टोपणातली तीच शाई दांडीच्या शेपटाला लागते आणि तिथे गोल कडे उमटते. दुसरी जागा म्हणजे बोटांची पकड. पेन दौतीत बुडवून भरले की पकडीचा भाग आणि निबेजवळची धातूची कडी शाईत जातात. कडीच्या फटीत केशाकर्षणाने ओढली गेलेली शाई वरवर पुसून निघत नाही. तिसरी जागा आट्यांची. चौथी जागा, ड्रॉपरच्या पेनांत, दांडीची संपूर्ण आतली भिंत. आणि पाचवी जागा बाहेरची : नव्या जीनच्या खिशातून पांढऱ्या पेनाला लागणारा निळा रंग पुष्कळदा शाईच्या माथी मारला जातो.

शाई निबेतून बाहेर का येते, याचे उत्तर दांडीत अडकलेल्या हवेत आहे. ड्रॉपरच्या पेनातली शाई संपत आली की तिची जागा हवा घेते. समजा, दांडीत दोन मिलीलीटर हवा आहे. खोलीतल्या २५ अंशांवरून ती खिशातल्या ३७ अंशांवर गेली तर सुमारे चार टक्क्यांनी फुगते. म्हणजे जवळजवळ ०.०८ मिलीलीटर शाई बाहेर ढकलली जाते. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलीटरचा धरला तर हा दीड थेंब झाला, आणि पांढरे टोपण रंगवायला तो पुरतो. घाट चढताना दुसरे कारण येऊन मिळते. मुंबईहून निघून लोणावळ्याला पोचेपर्यंत आपण सुमारे ६२० मीटर वर चढतो आणि हवेचा दाब जवळजवळ सात टक्क्यांनी उतरतो. तेवढ्यानेच दांडीतली दोन मिलीलीटर हवा तीन थेंब शाई बाहेर लोटू शकते. विमानात तर प्रवाशांच्या कक्षातला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबाएवढा उतरू शकतो. तिथे हवा एक-तृतीयांशाने फुगते. यावर उपाय सोपा आहे. प्रवासात पेन निब वर करून उभे ठेवावे. मग निबेजवळ शाईऐवजी हवा असते, आणि फुगलेली हवा शाईला हात न लावता निघून जाते. विमानाने जाताना पेन काठोकाठ भरलेले तरी असावे किंवा पूर्ण रिकामे तरी.

आता प्रतिबंधाकडे येऊ. पुस्तिकेची मधली प्रकरणे याच विषयाला दिली आहेत. इथे फक्त त्यांचा सांगाडा देतो. नवी शाई थेट आवडत्या पेनात भरू नये. आधी ती एखाद्या स्वस्त पारदर्शक पेनात दोन-तीन आठवडे वापरावी. मग ते पेन धुऊन उजेडात धरावे. टोपणात छटा राहिली असेल तर ती शाई फिकट पेनासाठी नाही, हा निकाल पक्का समजावा. ही परीक्षा कोणत्याही जाहिरातीपेक्षा आणि कुणाच्याही शिफारशीपेक्षा विश्वासार्ह आहे, कारण ती आपल्या पाण्यात, आपल्या हवेत आणि आपल्या सवयींत झालेली असते. बाटलीवर ‘परमनंट’ लिहिलेल्या शाईपेक्षा ‘वॉशेबल’ लिहिलेली शाई बहुधा सौम्य असते. तो शेरा कपड्यांना आणि कागदाला धरून दिलेला असला, तरी पहिल्या निवडीला तो पुरेसा दाखला आहे.

ज्या फिकट पेनाला कन्व्हर्टर बसतो, ते ड्रॉपरने भरण्याचा मोह टाळावा. कन्व्हर्टर रंगला तर थोडक्या पैशांत बदलता येतो, दांडी बदलता येत नाही. कन्व्हर्टरही दौतीत बुडवून भरण्यापेक्षा बोथट सुईच्या इंजेक्शनच्या पिचकारीने थेट भरावा. मग पकडीच्या भागाला शाई लागतच नाही, आणि एवढ्या एका बदलाने डागाच्या निम्म्या जागा सुरक्षित होतात. दौतीतच बुडवायचे असेल तर निब पूर्ण बुडेल एवढेच बुडवावे, आणि वर काढताच कडीच्या फटीला टिपकागद लावून आतली शाई शोषून घ्यावी. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. त्याने गळती थांबते आणि आट्यांत शाई शिरतही नाही. पेट्रोलियम जेली वापरू नये, कारण ती रबरी चकत्या फुगवते. रात्री पेन ठेवताना टोपणाच्या आत मऊ कापडाची किंवा कापसाची सुरळी एकदा फिरवली, तर सर्वांत धोक्याची जागा रोज कोरडी होते. याला दहा सेकंदही लागत नाहीत.

पाणी हे या पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. एक भरणा संपला की पेन धुवावे. रोजच्या वापरातल्या फिकट पेनाचा एक भरणा दोन ते तीन आठवड्यांपेक्षा जास्त लांबू देऊ नये. वापर कमी असेल तर कमी शाई भरावी, पण जुनी शाई पोटात घेऊन पेन बसवून ठेवू नये. शाईतले पाणी उडते, रंग दाट होतो आणि मुरण्याचा वेग वाढतो. टोपण हवाबंद असेल तर हा वेग कमी राहतो. जपानच्या प्लॅटिनम कंपनीने २०११ साली टोपण हवाबंद करणारी स्प्रिंगची रचना आणली, ती शाई वाळू नये म्हणूनच. धुण्यासाठी साधे किंवा किंचित कोमट पाणी घ्यावे. कढत पाण्याने प्लॅस्टिक सैल होते, आणि काढायचा रंग उलट आत जायला मदत होते. धुतलेले भाग कापडावर उभे ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या हवेत याला दोन दिवसही लागतात. ओलसर पेन बंद करून ठेवले तर बुरशीला आयते घर मिळते.

इतके करूनही डाग पडलाच, तर उपचार पायरीपायरीने करावा आणि प्रत्येक पायरीवर थांबून पाहावे. पहिली पायरी साध्या पाण्यात एक रात्र. दुसरी पायरी पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब. तिसरी पायरी अमोनियाचे अतिशय सौम्य द्रावण, ज्यात अमोनिया शेकडा एकच्या आत असेल आणि साबणाचा थेंब असेल. दुकानात मिळणारा लिकर अमोनिया याच्या कितीतरी पट तीव्र असतो, म्हणून मापाने आणि मोकळ्या हवेतच तो पातळ करावा. लोहयुक्त शाईच्या तपकिरी साक्यावर मात्र अमोनिया निरुपयोगी आहे. तिथे ॲस्कॉर्बिक आम्लाचे, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचे, पाण्यातले द्रावण चालते, कारण ते लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणते. शेवटची पायरी कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचची. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि पाच ते दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. निब, कडी, स्प्रिंग यांतला कोणताही धातूचा भाग त्यात जाऊ देऊ नये, कारण क्लोरिनमुळे पोलाद गंजते. नंतर पेन वाहत्या पाण्यात पुष्कळ धुवावे.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायचा आहे. ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. एकाने काम झाले नाही म्हणून लगेच दुसरे ओतले, तर क्लोरामिनचा विषारी वायू निघतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल घालू नये, त्याने क्लोरिन वायू बाहेर पडतो. पेनाच्या डागासाठी माणसाने आपला श्वास धोक्यात घालू नये.

आणखी काही पदार्थ या कामात निषिद्ध आहेत. अल्कोहोलने ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरांत पुढची शाई आणखी खोल शिरते. सॅनिटायझर लावलेले बोळेही त्यामुळे बाजूला ठेवावेत. नखांवरचा रंग काढायचे ॲसिटोन तर सेल्युलॉइडला विरघळवूनच टाकते. एबोनाइटला आणि केसीनच्या जुन्या पेनांना पाण्यात भिजत ठेवणेही वर्ज्य आहे : एबोनाइटची चकाकी जाऊन ते तपकिरी पडते, केसीन फुगून वाकते. ती ओल्या कापडाने पुसून कोरडी करावीत. कोणत्या पदार्थाला काय चालते याचा तक्ता पुस्तिकेच्या अखेरीस दिला आहे. काम सुरू करण्याआधी तो पाहावा.

काही डाग जात नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. रंग प्लॅस्टिकच्या खोल थरांत पोचला की कोणतेही द्रावण त्याच्या मागे तितके आत जाऊ शकत नाही. घासून-घासून पॉलिश केले तर पृष्ठभाग झिजतो, कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि डाग तसाच राहतो. शंभर वर्षांच्या जेड रंगाच्या पेनाची काळवंडलेली दांडी उजळवण्याच्या नादात ते पेन ठिसूळ करून टाकण्यापेक्षा आहे तसे जपणे हाच योग्य निर्णय आहे. नव्या पेनाच्या बाबतीतही मी हेच म्हणेन. टोपणाच्या आतली फिकट निळी छटा लिहिण्यात कोणताही अडथळा आणत नाही. निब उत्तम असेल, हाताला पेन बसलेले असेल, तर त्या छटेपायी पेन टाकून देणे हा त्या पेनावर अन्याय आहे.

मला या विषयाची आस्था आहे, कारण शाईपेन हे दुरुस्त करता येणारे, पुन्हापुन्हा भरता येणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे साधन आहे. एकदा वापरून फेकायच्या पेनांच्या ढिगात ते आजही आपली जागा राखून आहे. शाळकरी मुलांच्या हातात पुन्हा शाईपेने दिसू लागली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी पांढरी, पिवळी, पारदर्शक आहेत. मुलाने पेन डागाळले की त्याला रागावण्याऐवजी ते कसे धुवायचे हे एकदा दाखवावे. वस्तू वापरायची आणि सांभाळायचीही, ही सवय त्याला पेनापुरती न राहता इतर ठिकाणीही उपयोगी पडेल.

ही पुस्तिका सलग वाचायलाच हवी असे नाही. नवे पेन घेणाऱ्याने पहिली दोन प्रकरणे वाचावीत, शाई निवडणाऱ्याने तिसरे आणि चौथे वाचावे, ज्याच्या पेनाला डाग पडून चुकला आहे त्याने थेट सहाव्याकडे वळावे. पण कोणत्याही वाटेने आलात तरी एक गोष्ट आजच करा. डबीत पडून असलेले फिकट रंगाचे पेन बाहेर काढा, पाण्याने धुऊन कोरडे करा, धुण्याजोगी निळी शाई अर्धीच भरा आणि त्याने लिहायला लागा. दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा धुवा. एवढा क्रम पाळलात, तर तुमचे पांढरे पेन पांढरे राहील.